गिअर दात-ओठ खातो तेव्हा

तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना गाडीने कर्रर्र केलं, की सगळ्यात आधी शेजारच्या सीटकडे बघा. तिथे कोणी बसलेलं असेल तर गिअरबॉक्सचं नंतर बघू. आवाज त्यानेही ऐकलाय, तुम्हीही ऐकलाय, आणि दोघांनाही ते माहीत आहे. अशा वेळी आधी बोलेल तो जिंकतो. "स्पोर्ट्स कार आहे बाबा, हिचा गिअर असाच लागतो," एवढं म्हणायचं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायचं. चेहऱ्यावर थोडा अभिमान असू द्या. चेहरा पडला तर तो माणूस घरी पोचेपर्यंत तुमचे गिअर मोजत बसेल.

शेजारी कोणी नसेल तर आणखी सोपं. सायलेन्सर बदलून इतका मोठा आवाज काढणारा बसवा, की गिअरबॉक्सचं रडगाणं त्याखाली दबून जाईल. जो आवाज ऐकूच येत नाही, तो दोष कसला?

आत नेमकं काय बिघडतं हे समजून घेण्याचा मोह होईल. आवरा. एकदा कळलं की दोष दुसऱ्यावर ढकलणं अवघड जातं. तरी विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पुढे जायचे सगळे गिअर आपापल्या जोडीदाराच्या दातांत कायमचेच अडकलेले असतात आणि गपगुमान फिरत असतात. तुम्ही दांडा ओढता तेव्हा सरकते ती एक स्लीव्ह, म्हणजे आतून दातेरी नळकांडं. ती चाकांच्या वेगाशी बांधलेली, आणि तिला शिरायचं असतं गिअरच्या कडेला असलेल्या बारीक, टोकदार दातांमध्ये. दोघांचा वेग जुळलेला नसला की टोकावर टोक आपटतं. ती तुमची कर्रर्र. हे होऊ नये म्हणून मध्ये एक कडं असतं, बहुधा पितळेचं. त्याला सिंक्रो रिंग म्हणतात. ते गिअरच्या निमुळत्या भागावर घासून वेग जुळवतं आणि जुळेपर्यंत स्लीव्हला दारातच थोपवून धरतं. भांडणात मध्ये पडणाऱ्या भल्या माणसाचं जे होतं तेच त्याचं होतं: दोन्हीकडून मार खायचा आणि नाव कुणी घ्यायचं नाही. कॅडिलॅकने १९२८ मध्ये ही सोय आपल्या १९२९ च्या गाड्यांत दिली. त्याआधी ड्रायव्हरला वेग स्वतःच्या कानाने आणि पायाने जुळवावा लागे. बिचारे! त्यांना दोष द्यायला रिंगसुद्धा नव्हती.

आता या रिंगवर किती काम टाकता येईल ते बघा. पहिल्या पिढीची १.६ लिटरची माझदा एमएक्स-५ घ्या. पहिल्या गिअरचं गुणोत्तर, म्हणजे बाहेरचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिनाने किती वेळा फिरायचं तो आकडा, ३.१३६, दुसऱ्याचं १.८८८. पहिल्यावर इंजिन मिनिटाला ७००० फेऱ्यांवर नेऊन दुसरा टाकलात, तर गाडीचा वेग तोच राहतो, पण क्लच प्लेट आणि तिच्या मागच्या शाफ्टला ४२०० च्या आसपास खाली यावं लागतं. मधले २८०० फेरे कुणी गिळायचे? रिंगने. त्यासाठी तिला क्षणभर वेळ हवा असतो. तो देऊ नका. न्यूट्रलमधून जाताना हात किंचित थांबला तर गिअर लोण्यासारखा पडेल, आणि मग लोकांना कळणार कसं की गाडी चालवायला मनगटात दम लागतो?

रेसिंगवाले धाडधाड गिअर मारतात हे तुम्ही पाहिलंच आहे. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये बहुधा सिंक्रो रिंग नसतेच, दात मोजके आणि जाड असतात, मध्ये मोकळी जागा भरपूर असते, आणि तो बॉक्स वरचेवर उघडून तपासला जातो. या तपशिलात शिरू नका. तुमच्या कपाळावरचा गॉगल तसाच आहे, तेवढं पुरे.

क्लचचा विषय मात्र नाजूक आहे. आवाजाचं खापर फोडायला गिअरबॉक्स, तेल, गाडी बनवणारी कंपनी, आधीचा मालक, असे कितीतरी उमेदवार हजर असताना स्वतःच्या डाव्या पायाकडे बोट दाखवणं हा निव्वळ दळभद्रीपणा. पॅडल तळापर्यंत दाबायची गरज नाही. पाऊणभर पुरे. रिंगची ताकद प्लेट आणि शाफ्टचं ओझं हलवण्यापुरती असते. क्लचने इंजिनाला अर्धवटच सोडलं तर तिच्या गळ्यात अख्खं इंजिन पडतं. पडू दे. पायाखालची ती जाड मॅट पुढे सरकून पॅडलच्या मागे गोळा झाली असेल, तर तिला हात लावू नका. तिच्यावर पॅडल टेकलं की पायाला वाटतं तळ आला. शेवटचा बोटभर प्रवास मॅटच्या घडीतच राहतो, आणि क्लच सुटायचा असतो नेमका त्याच बोटभरात. मॅट बाजूला केलीत आणि आवाज थांबला, तर एवढे दिवस जे सांगत आलात त्याचं काय?

काही अरसिक लोक निदान करा म्हणून मागे लागतील. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू केल्यावर सगळेच कुरकुरतात, तर क्लच नीट सुटत नाही, असं ते सांगतात. रिव्हर्सचीही परीक्षा सुचवतात. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग नसते, त्यामुळे घाईत टाकला तर तो ओरडणारच. पण थांबूनही ओरडला, तर क्लच दाबूनही शाफ्ट फिरत राहिलाय. पॅडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर मऊ लागला, तर क्लचच्या तेलाच्या पाइपात हवा शिरली असेल किंवा क्लचचाच सिलिंडर गळत असेल. याउलट बाकी सगळे गिअर ठीक आणि एकटा दुसराच, तोही जोरात असताना कुरकुरत असेल, तर दुसऱ्याची रिंग झिजली. बघा, एवढ्याशा वेळात हे सगळं कळतं. म्हणूनच ही परीक्षा करायची नाही. कारण कळलं तर मित्रांमध्ये पुढचे कित्येक महिने बोलणार कशावर?

त्यापेक्षा खरेदी करा. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही उपचारपद्धती गाड्यांच्या जगात फार मान्यता पावलेली आहे. पहिला मान गिअरच्या मुठीचा. भरीव स्टीलची जड मूठ लावली की तिच्या वजनाच्या झोकाने गिअर आत ढकलला जातो आणि हाताला अडखळणं कळत नाही. रिंगला कळतं, पण तिला विचारतो कोण? मग शॉर्ट शिफ्टर. दांड्याचा प्रवास कमी होतो आणि जोर जास्त लागतो, म्हणजे रिंगला वेळही कमी आणि दाबही जास्त. हा एकच भाग दोन्हीकडून नुकसान करतो, तेव्हा पैसे वसूल आहेत. दोन्ही बसवून झाल्यावर दांड्यावर हात ठेवूनच गाडी चालवा. त्या हाताचं वजन आत फोर्कमार्फत, म्हणजे स्लीव्ह सरकवणाऱ्या चिमट्यामार्फत, फिरत्या स्लीव्हवर घासत राहतं. फोटोत मात्र ऐट येते.

तेलाच्या बाबतीत साधा नियम लक्षात ठेवा: आकडा मोठा ते तेल भारी. गिअरच्या तेलाच्या डब्यावर जीएल-४, जीएल-५ असे वर्ग छापलेले असतात. जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा पूर्ण एकाने जास्त आहे, हे शाळेतलं गणित. जीएल-५ मुळात डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या यंत्राच्या, दातांवरचा भयंकर दाब सोसण्यासाठी असतं, त्यात गंधक-फॉस्फरसचे पदार्थ जास्त असतात आणि तापल्यावर त्यातले काही पितळेला चावू शकतात, असल्या गोष्टी रसायनशास्त्रवाल्यांना बोलू द्या. शिवाय रिंगला काम करायला थोडं घर्षण लागतं. फार निसरडं तेल टाकलं की ती नुसतीच घसरते. काही गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात नांदतात, तिथे कंपनी स्वतःच जीएल-५ सांगते. कोणत्या गाडीला काय लागतं हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, कोरं करकरीत आहे. ते तसंच राहू द्या, विकताना भाव येतो.

चुकून कधी तेल बदललंच, तर जुनं तेल ट्रेमध्ये पडताना त्यावर टॉर्च मारा. काळपट तेलात बारीक सोनेरी चमक तरंगताना दिसेल. मन प्रसन्न होईल. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप बसलेला असतो, तो लोखंडाचा. तेवढा थोडाफार सगळ्यांच्याच गाडीत निघतो. सोनेरी भुकटी चुंबकाला चिकटत नाही, कारण ती पितळ आहे, म्हणजेच तुमची रिंग आहे. चुंबकावर टोकदार तुकडा सापडला, तर तो एखाद्या दाताचा. जपून ठेवा, बोळक्यात पुढे आणखी जमा होतील.

थंड गाडीला दामटणं हाही एक चांगला उपाय. इंजिनाचं पाणी तापलं की काटा मध्यावर येतो. गिअरबॉक्सचं तेल मात्र अजून घट्टच असतं, ते फार सावकाश तापतं, आणि बहुतेक गाड्यांत त्याला काटाच नसतो. काटा नाही म्हणजे प्रश्न नाही. पोर्शे ९११ मध्ये १९७२ पासून १९८६ पर्यंत ९१५ नावाचा गिअरबॉक्स होता. घाई केली की कुरकुरण्याबद्दल तो प्रसिद्ध आहे. त्याचे जुने मालक पहिली काही मिनिटं दुसरा गिअर अगदी हळुवार, मध्ये थांबत लावतात. इतका संयम असलेल्या माणसाने स्पोर्ट्स कार घ्यावीच कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही.

डबल क्लच हा शब्द बोलण्यात जरूर असावा. पायात नको. गिअर खाली आणताना न्यूट्रलला येऊन क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला एक टिचकी मारून शाफ्टचा वेग वाढवायचा, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. एवढं केलं तर झिजलेली रिंगसुद्धा तक्रार करत नाही. लोक काय करतात, तर क्लच दाबून धरतात आणि नुसतंच घुर्र करतात. त्याने इंजिन चढतं, गिअर पडल्यावर क्लच सोडताना झटका बसत नाही, पण शाफ्ट होता तिथेच, रिंगच्या वाट्याचं काम तेवढंच. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, वा, काय ड्रायव्हर आहे.

आणि शेवटी खऱ्या मर्दांसाठी: तिसऱ्यावर ७००० ला नेऊन चौथा मारताना दांडा जरा डावीकडे दाबून ओढा. चौथ्याऐवजी दुसरा पडतो. त्याच माझदाचा हिशोब धरला तर तिसऱ्याचं गुणोत्तर १.३३०, म्हणजे क्लच सोडताच चाकं इंजिनाला ९९०० च्या पलीकडे फिरवतात. इंजिनाच्या फेऱ्या आवरणारा लिमिटर काही करू शकत नाही. तो फार तर पेट्रोल तोडेल, चाकांना कोण तोडणार? पुष्कळ इंजिनांत पुढे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडू शकते. अशा वेळी दांडा हट्टाने अडतो आणि कर्रर्र करतो. इतक्या दिवसांत त्याचं म्हणणं पहिल्यांदाच पूर्णपणे तुमच्या बाजूचं असतं. ते न ऐकता आणखी जोर लावायची सवय तुम्ही केलेली आहेच.

एवढं करूनही कधीतरी गिअरबॉक्स उतरवावा लागतोच. तिथेही काटकसर करा. मेकॅनिकला सांगा, फक्त रिंग बदल. टोकं बोथट झालेली स्लीव्ह आणि गिअरवरचे दात तसेच ठेवले तर नव्या रिंगसकट तोच आवाज लवकरच परत येतो. बॉक्स खाली आहे तोवर क्लच प्लेट आणि बेअरिंग बघून घेऊ, असं तो म्हणेल. नाही म्हणा. ते पुढच्या वेळी, तेव्हा पुन्हा सगळं उतरवायचंच आहे.

किंवा सरळ विकून टाका. गाडी दाखवताना आधी तुम्ही स्वतः चालवा, पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जा. गिऱ्हाइकाने विचारलं तर म्हणा, इंजिनात ताकदच एवढी आहे की दुसरा लागतच नाही. पूर्ण व्यवहारात तेवढं एक वाक्य तुम्ही खरं बोललेले असाल.