‘पीस’ गुलाब महायुद्ध संपल्यावर जन्मलेला नाही

पिवळ्या पाकळ्या आणि गुलाबी कडांच्या ‘पीस’ (इंग्रजीत ‘शांतता’) गुलाबाचा फोटो फिरतोय. खाली ओळ आहे: ‘1945 मध्ये युद्ध संपल्याच्या आनंदात तयार केलेला वाण.’ फोटो खरा, पण मजकुरात गफलत आहे.

1945 हे ‘पीस’ या नामकरणाचं वर्ष, जन्माचं नव्हे. फ्रान्सिस मेयाँ या गुलाब-पैदासकारानं फ्रान्समध्ये लिऑनजवळ हा संकर केला 1935 मध्ये. तेव्हा युद्ध सुरूही झालेलं नव्हतं. रोपाला नाव नव्हतं, वहीत नुसता क्रमांक होता: 3-35-40. डोळे भरण्यासाठी, म्हणजे कलमं करण्यासाठी, काड्या परदेशी गेल्या आणि प्रत्येकानं आपापलं बारसं केलं. जर्मनीत ‘ग्लोरिया दाई’, इटलीत ‘जोया’. फ्रान्समध्ये फ्रान्सिसच्या आईच्या नावावरून ‘मादाम आ. मेयाँ’. ‘पीस’ हे अमेरिकेतलं नाव, 29 एप्रिल 1945 ला जाहीर झालेलं.

वंशावळीत पाहाल तर एक बाजू ‘मार्गारेट मॅकग्रेडी’ या गुलाबाची. दुसरीकडे, सहसा छापल्या जाणाऱ्या नोंदीप्रमाणे, ‘जोआना हिल’, ‘चार्ल्स पी. किलहॅम’, ‘जॉर्ज डिक्सन’ आणि ‘सुव्हनिर द क्लॉडियस पर्ने’. हे शेवटचं नाव वाचून मी थबकलो. पर्ने-द्युशे या पैदासकारानं पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ ठेवलेलं ते नाव. म्हणजे युद्धाशी नातं आहेच, पण आधीच्या युद्धाशी.

नर्सरीत पाटीवर ‘ग्लोरिया दाई’ दिसलं तर वेगळा वाण समजून दोन्ही घेऊ नका.