तटस्थ राहा, म्हणे!

आज एका चर्चासत्रात नोकरभरतीचं काम बघणारे एक साहेब छातीठोकपणे म्हणाले, "आमच्याकडे आडनाव कुणी बघत नाही. समाजशास्त्रज्ञांनी तटस्थ राहावं, न्यायाचं काम कार्यकर्त्यांवर सोडावं." वर टाळ्या! तेव्हापासून डोकं सणकलंय.

अहो साहेब, 'आम्ही भेदभाव करतो' असं आजवर कुणी कबूल केलंय? थेट विचारलं की सगळेच सोवळे. म्हणून आडून विचारावं लागतं. २०११-१२च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आधी विचारलं: घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? जे 'नाही' म्हणाले त्यांना पुढचा प्रश्न: अनुसूचित जातीतलं कुणी तुमच्या स्वयंपाकघरात आलं, तुमची भांडी वापरली, तर अडचण आहे का? दोन्ही उत्तरं धरली तेव्हा सुमारे २७ टक्के घरं सापडली. पहिल्याच प्रश्नावर थांबले असते तर बरीच घरं निसटली असती. प्रश्नावली बनवणाऱ्याचं न्यायाच्या बाजूचं काम ते हेच.

आता 'आडनाव बघत नाही' याकडे येऊ. हे तपासता येतं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी तपासलं, २००७ साली छापलं. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. पुढच्या टप्प्याला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. हे अर्ज चाळणाऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनीही आजच्या साहेबांसारखंच उत्तर दिलं असतं, नाही का?

असे अर्ज पाठवून तपासणं वाटतं तितकं सोपं नाही हं. शिक्षण, अनुभव, गुण एकाच तोडीचे हवेत, पण मजकूर हुबेहूब नको, नाहीतर संशय येतो. कुठलं नाव कुठल्या अर्जावर हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. प्रत्येक अर्जाला वेगळा फोन, वेगळा ईमेल. सगळ्यात जास्त गोची नावांची होते. काही नावं वाचली की जातीबरोबर गरिबीही डोळ्यासमोर येते, मग अर्ज नेमका कशामुळे बाजूला पडला ते सांगता येत नाही. म्हणून नावं आधी वेगळ्या लोकांना दाखवून पारखायची. एवढं करूनही कळतं ते बोलावण्यापुरतंच. पगार, बढती, दुपारच्या जेवणाला कोण कुणाच्या टेबलावर बसतं, यातलं काही त्यात येत नाही.

बरं, मान्य, उत्तर आधीच ठरवून बसलेला अभ्यासक आकडे वाकवतो. त्यावर इलाज आहे: माहिती गोळा करण्याआधी गृहीतक, नमुना किती (म्हणजे किती जणांना विचारायचं), विश्लेषण कसं, हे लिहून नोंदवायचं, आणि निकाल मनाविरुद्ध गेला तरी छापायचा. तटस्थता असते ती इथे, पद्धतीत. कुठला प्रश्न विचारायचा यात कुणीच तटस्थ नसतं. साहेबांनी 'विचारूच नका' म्हटलं, तीही एक बाजूच झाली की! बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला आणि जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावण्यामुळे, हे उलगडून दाखवलं. तटस्थ राहायचं म्हणून त्यांनी विषय बदलायला हवा होता का?

लिहिता लिहिता राग आपल्याच, म्हणजे समाजशास्त्रज्ञांच्या, जमातीकडे वळतोय. साहेब निदान तोंडावर बोलले. आपण काय करतो? दोन तासांची प्रश्नावली भरून घेतो. बाईला प्रश्न विचारतो आणि सासू दारात उभी असताना नवऱ्याने दिलेलं उत्तर लिहितो. गावाबाहेरची वस्ती घरांच्या यादीतच नसते, म्हणून नमुन्यात येत नाही, आणि अहवालात ती 'नाही' ठरते. मग निबंध छापून येतो पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या नियतकालिकात. उत्तरं देणाऱ्यांच्या हाती काय? काहीच नाही. घरोघर फिरणाऱ्या पोरापोरींचा यात दोष नाही, त्यांना दिवसाला इतके फॉर्म असा कोटा असतो. कोटा ठरवतो आपण.

तेव्हा संशोधनाचा पुढचा प्रस्ताव लिहाल तेव्हा खर्चाच्या तक्त्यात तीन ओळी आधी घाला: घरांची यादी वस्तीत पायी फिरून नव्याने करणं, बायकांशी एकट्याने बोलता यावं म्हणून दुसरी फेरी, आणि निष्कर्ष त्यांच्या भाषेत छापून त्यांच्यासमोर वाचून दाखवणं, तेही अंतिम मसुद्याच्या आधी, म्हणजे चुकलेलं दुरुस्त करता येईल. पैसे देणारे पहिली कात्री तिसऱ्या ओळीलाच लावतील. तिथे भांडा.