बिनतेलाची अंगतपंगत

एकटा माणूस ताटभर पालेभाजी घेऊन बसला की लोक हळूच विचारतात, "काय हो, डॉक्टरांनी सांगितलंय का?" तीच पालेभाजी पंधरा जणांनी गोल बसून खाल्ली की तिला चळवळ म्हणतात. आम्हाला चळवळीपेक्षा ती विचारपूस थांबायला हवी होती, म्हणून आम्ही गट काढला.

कागदावर सगळं सोपं होतं. भाज्या, फळं, अख्खी धान्यं, कडधान्यं, दाणे आणि बिया पोटभर खायच्या. मांस, मासे, अंडी, दूध यांना रजा. साखर, मैदा, तेल अशा गाळून-दळून चोथा काढून टाकलेल्या मंडळींना शक्यतो दारातूनच परत पाठवायचं. पहिल्याच बैठकीत कॉलेजातल्या एका मुलाने हात वर केला. "बटाट्याचे वेफर्स चालतील ना? बटाटा झाडाचा, तेल झाडाचं, मीठ तर कुणाचंच नाही." युक्तिवाद बिनतोड होता. ताटात प्राणी नसणं ही निम्मीच अट, बटाटा शेवटपर्यंत बटाट्यासारखा दिसला पाहिजे ही उरलेली निम्मी, हे त्याला समजावताना सगळ्यांचं घामटं निघालं. तेव्हापासून तो प्रत्येक वेळी एक अख्खा उकडलेला बटाटा आणतो आणि चकार शब्द न बोलता टेबलाच्या मधोमध ठेवतो.

गट म्हटला की एक कडवा माणूस हवाच. आमच्याकडे तेलकाका आहेत. "एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळजवळ १२० कॅलरी, आणि चोथा शून्य!" हे वाक्य ते नमस्काराच्या जागी वापरतात. एकदा त्यांनी पाण्यावर कांदा परतण्याचं प्रात्यक्षिक दिलं. कढई कोरडीच तापवायची, बारीक चिरलेला कांदा टाकायचा, तो तळाला धरायला लागला की चमचाभर पाणी शिंपडायचं. चर्र होतं, तळाची तांबूस खरपुडी सुटते आणि कांद्याला लागते. पाणी आटलं की पुन्हा धरू द्यायचं, पुन्हा चमचाभर पाणी. असं करत राहिलं की कांदा खरोखरच सोनेरी आणि गोडसर होतो. वेळ मात्र इतका जातो की तेवढ्यात भूक लागते, मरते आणि परत लागते. काकू शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "घरी हे कोण करतं, तेही विचारा." काकांच्या हातून पुढचं पाणी जरा जास्तच पडलं.

काकांना आडवं जाण्याचं धाडस फक्त एका ताईंमध्ये आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला थोडी चरबी लागतेच, असं त्यांनी सुनावलं.

"मग अक्रोड खा," काका म्हणाले.

"अक्रोडात तेलच असतं ना?"

"असतं. पण ते अक्रोडात असतं."

यावर काय बोलावं ते कुणाला सुचेना. मला विचाराल तर काकांचं बरोबर आहे. अख्ख्या अक्रोडाबरोबर चोथा येतो, चावावं लागतं, आणि मूठभर खाऊन माणूस आपोआप थांबतो. बाटली आजवर कुणाला पुरे म्हणालेली नाही.

मग ठरली पहिली अंगतपंगत. कुणी काय आणायचं याची यादी ग्रुपवर टाकली होती. त्या यादीला भरपूर अंगठे आले, वाचली मात्र कुणीच नाही. त्या दिवशी डबे उघडत गेले आणि प्रत्येक झाकणाखालून छोलेच निघाले. उकडलेले छोले, भाजलेले छोले, छोल्यांचं सॅलड, आणि तीन वेगवेगळ्या रंगांचं हमस, म्हणजे वाटलेले छोलेच. (चौथं होतं, पण ते बीटाचं आहे असं सांगून एका वहिनींनी स्वतःची सुटका करून घेतली. चव छोल्यांचीच होती.) आम्ही उदार मनाने सगळं खाल्लं. आणि कार्यक्रमपत्रिकेत जेवणानंतर लगेच दहा मिनिटं मौन होतं.

छोल्यांमध्ये रॅफिनोज आणि तिच्या नात्यातल्या काही साखरा असतात. त्या तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. हे ज्ञान मला मौनाच्या आधी असून काही उपयोग झाला नसता. पहिली दोन मिनिटं बरी गेली. तिसऱ्या मिनिटाला कोपऱ्यातून एक सूर लागला. सगळ्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. मग डावीकडून उत्तर आलं. पाचव्या मिनिटाला कुणाची तरी खुर्ची मुद्दाम करकरली, पण दोन्ही आवाजांतला फरक ओळखण्याइतके आम्ही सगळेच तयार झालो होतो. सहाव्या मिनिटाला काकू फुटल्या. त्यांच्या हसण्याने मौन मोडलं आणि माझ्या मते गट खरा तेव्हा जमला. त्याआधी आम्ही नुसते एकमेकांचे डबे तपासत होतो.

पुढच्या वेळेपासून नियम झाला: कडधान्य रात्रभर भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात शिजवायचं. सवय नसलेल्याने एकदम वाडगाभर न खाता हळूहळू वाढवायचं, म्हणजे पोटही सरावतं. राजम्याच्या बाबतीत तर ताई पोलिसी खाक्या दाखवतात. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात शिजवलेला राजमा एकाने कौतुकाने आणला, तो त्यांनी झाकणासकट जप्त केला. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं बाधणारं प्रथिन मंद आचेवर मरत नाही, अर्धा तास तरी खळखळून उकळावं लागतं. नाहीतर उलट्या ठरलेल्या. त्या गृहस्थांचं तोंड पाहवत नव्हतं, पण ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

याच ताई बी-१२ या जीवनसत्त्वाच्या गोळीचीही आठवण करत फिरतात. एक निसर्गप्रेमी सभासद दर वेळी विचारतात, "आपले पूर्वज गोळ्या खायचे का?" ताईंचं उत्तर तयार असतं. बी-१२ वनस्पती बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत, जिवाणू बनवतात. रोज लागतं जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम, पण लागतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे न घेणारा बराच काळ छाती काढून फिरतो. इंग्लंडमध्ये व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच न खाणाऱ्या मंडळींची, व्हीगन सोसायटी स्थापन झाली १९४४ मध्ये आणि हे जीवनसत्त्व वेगळं काढता आलं १९४८ मध्ये. म्हणजे पहिल्या मंडळींना नेमकं काय कमी पडतंय हे सांगणारं कुणीच नव्हतं. "तुम्हाला सांगणारी मी आहे," असं म्हणून ताई त्यांच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्यापुढे निसर्गसुद्धा गोळी घेईल.

नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: प्रथिनं कुठून मिळणार? शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरीत साधारण ९ ग्रॅम, हे उत्तर आम्हाला झोपेतही देता येतं. समाधान कुणाचंच होत नाही. सोडून द्यायचं.

नवीन माणूस टिकवणं हे त्याहून अवघड काम. एक मुलगी बिचारी हौसेने केक घेऊन आली. छोले शिजवलेलं दाट पाणी फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो, ही युक्ती २०१४-१५च्या सुमाराला जगभर पसरली. त्याच फेसाचा तो केक होता. अंडं नाही, लोणी नाही, आणि इतका हलका की सुरी लावायला वाईट वाटावं. पण साखर होती. आणि पांढरी होती. तेलकाकांनी तात्त्विक हरकत घेतली, निसर्गप्रेमींनी अनुमोदन दिलं, ताईंनी "महिन्यातून एकदा चालतं" अशी उपसूचना मांडली. चर्चा रंगली. मतदान घ्यायचं ठरलं तेव्हा थाळीत फक्त कागद उरला होता आणि तेलकाकांच्या मिशीला फेस होता. मुलगी पुढच्या महिन्यात पुन्हा आली, दुप्पट केक घेऊन.

आमचे सर्वांत नियमित सभासद मात्र वेगळेच आहेत. एक निवृत्त गृहस्थ. घरी सगळं खातात, अगदी सगळं, आणि ते लपवतही नाहीत. इथे मात्र सर्वांच्या आधी येऊन खुर्च्या मांडतात, जे वाढाल ते चाटूनपुसून खातात आणि शेवटी बाह्या सरसावून कुकर घासतात. वादात पडत नाहीत. खजिनदार निवडायची वेळ आली तेव्हा तेलकाकांनीच त्यांचं नाव सुचवलं आणि ताईंनी अनुमोदन दिलं. या दोघांचं एकमत झालेलं आम्ही तोवर पाहिलं नव्हतं.

"अहो, पण मी मटण खातो," ते संकोचून म्हणाले.

"इथे खाता का?" काकांनी विचारलं.

"इथे कुठलं!"

"मग झालं."

त्यांनी पद स्वीकारलं, पण हात जोडून एक अट घातली: पुढच्या अंगतपंगतीला कुणीही छोले आणायचे नाहीत. ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. पुढच्या वेळी सगळ्यांनी मसूर आणली.