हवामान बदलाची काळजी फक्त श्रीमंत देशांना? आकडे उलटंच सांगतात

व्हॉट्सॲपवरच्या गटांमध्ये एक मजकूर थोडेफार शब्द बदलून सतत फिरत असतो. त्याचा गाभा असा : हवामान बदल हे पोट भरलेल्या देशांचं दुखणं आहे, खुद्द अमेरिकेत निम्मे लोक ते मानत नाहीत, आणि शिकलेले तर नाहीच, आपल्याकडे रोजच्या भाकरीची चिंता असलेल्या माणसाला त्याचं काही पडलेलं नाही, हा सगळा डाव्यांचा अजेंडा आहे आणि जनतेला तो नको आहे.

लोकांची मतं प्रदेशाप्रमाणे आणि पक्षाप्रमाणे बदलतात, एवढं यातलं खरं. ती कुठे आणि कशी बदलतात, हे मात्र जवळजवळ सगळं चुकीचं सांगितलंय. अवकाळी आणि गारपिटीने दरवर्षी कुणाचं ना कुणाचं पीक जाणाऱ्या राज्यात लोक हे खरं मानून पुढे पाठवतात, याचं वाईट वाटतं.

आधी अमेरिका घेऊ. येल विद्यापीठातला एक गट गेली अनेक वर्षं तिथल्या लोकमताची पाहणी करतो. दहा अमेरिकनांपैकी साधारण सात जण पृथ्वी तापते आहे असं मानतात. ठामपणे नाकारणारे दहात एकाच्या आसपास आहेत. त्यांचा आवाज मोठा आहे, संख्या नाही. याच गटाने काउंटीनिहाय, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनुसार, नकाशे केले आहेत. त्यात कॅलिफोर्नियाचा किनारा आणि कोळशावर जगलेला वेस्ट व्हर्जिनिया यांच्यात मोठी दरी दिसते. टेक्सासमध्ये तर एकाच राज्यात ऑस्टिन शहर एका टोकाला आणि तेलविहिरींचा पश्चिम भाग दुसऱ्या टोकाला आहे. पण सौर आणि पवन ऊर्जेच्या संशोधनावर सरकारने पैसे खर्च करावेत का, असं विचारलं की जवळपास सगळ्याच काउंटींमध्ये बहुमत ‘हो’ म्हणतं. वाऱ्यापासून सगळ्यात जास्त वीज बनवणारं अमेरिकी राज्य टेक्सासच आहे. आयोवा या राज्यात निम्म्याहून जास्त वीज पवनचक्क्यांतून येते, आणि पवनऊर्जेला करसवलत मिळवून देण्यात 1992 साली पुढाकार घेतला तो तिथल्याच चक ग्रासली या रिपब्लिकन, म्हणजे उजव्या पक्षाच्या, सिनेटरने. शेतात पवनचक्की उभी राहिली की जमीनमालकाला वर्षाचं भाडं मिळतं. तापमानवाढीबद्दल त्याला शंका असेलही, पण पवनचक्की त्याला हवी असते.

‘शिकलेले मानत नाहीत’ हे तर अर्धवट उचललेलं वाक्य आहे. अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी : डेमोक्रॅट मतदारांमध्ये शिक्षण वाढलं की काळजी वाढते, रिपब्लिकन मतदारांमध्ये शिक्षण वाढूनही ती वाढत नाही, कधी कधी घटते. शिक्षणाने माणूस शंकेखोर होतो असा याचा अर्थ निघत नाही. शिकलेल्या माणसाला आपला पक्ष काय म्हणतो हे जास्त नीट ठाऊक असतं, आणि त्याच्या बाजूने युक्तिवादही जास्त चांगला करता येतो.

शिवाय पक्षांमधली ही दरी पहिल्यापासूनची नाही. 1988 च्या जूनमध्ये नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी पृथ्वी तापते आहे अशी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार थोरले जॉर्ज बुश ‘ग्रीनहाउस इफेक्टशी व्हाइट हाउस इफेक्टने लढू’ असं प्रचारात सांगत होते. पुढच्या वर्षी मार्गारेट थॅचर, म्हणजे रसायनशास्त्र शिकलेल्या आणि कट्टर उजव्या ब्रिटिश पंतप्रधान, संयुक्त राष्ट्रांत याच विषयावर बोलल्या. 2008 मध्ये डेमोक्रॅट नॅन्सी पेलोसी आणि रिपब्लिकन न्यूट गिंगरिच एका सोफ्यावर शेजारी बसून हवामानासाठी जाहिरात करत होते. त्यानंतर काही वर्षांत रिपब्लिकन नेत्याने असं बोलणं जवळपास अशक्य झालं. त्यामागे इंधन कंपन्यांचा पैसा होता आणि पक्षांतर्गत चढाओढही होती. ‘डाव्यांचा अजेंडा’ हा शिक्का त्या भांडणात तयार झाला आणि तिथून आयात झाला.

आता सगळ्यात मोठी चूक : गरीब देशांना पडलेलं नाही. प्यू या अमेरिकी पाहणी संस्थेने 2015 मध्ये 40 देशांत विचारलं होतं की हवामान बदल ही अतिशय गंभीर समस्या आहे का. ‘हो’ म्हणणारे ब्राझीलमध्ये 86 टक्के होते, अमेरिकेत 45 आणि चीनमध्ये 18. भारतात साधारण तीन चतुर्थांश. लॅटिन अमेरिका आणि आफ्रिका काळजीत पुढे होत्या.

भारताबद्दल जास्त तपशिलात पाहायचं तर येल आणि सी-व्होटर या भारतीय पाहणी संस्थेची 2021-22 ची पाहणी आहे. ती फोनवरून झाली, त्यामुळे फोन नसलेले त्यातून सुटले, हे लक्षात ठेवावं. त्यात आधी विचारलं गेलं, जागतिक तापमानवाढीबद्दल तुम्हाला किती माहिती आहे? 54 टक्के म्हणाले, अगदी थोडी, किंवा कधी ऐकलंच नाही. लोकांना पडलेलं नाही म्हणणारे नेमके इथे थांबतात. पण पाहणी इथे थांबली नव्हती. पुढे थोडक्यात समजावून सांगितलं, की जगाचं सरासरी तापमान गेली दीडशे वर्षं वाढतंय आणि त्याने हवामान बदलू शकतं. मग विचारलं, असं घडतंय असं वाटतं का? 84 टक्के ‘हो’ म्हणाले. 81 टक्क्यांना काळजी वाटत होती, आणि एकूण लोकांपैकी निम्म्यांना खूप.

आपल्याकडे कान दिला तर यात नवल वाटत नाही. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार कार्बन उत्सर्जनाबद्दल बोलत नाही. फुलोऱ्यात पाऊस आला आणि डावणी रोग पसरला, काढणीच्या तोंडावर आला आणि मणी तडकले, हे तो बोलतो. बागेवरच्या प्लास्टिक आच्छादनासाठी अनुदान मागतो. कोकणातला आंबावाला थंडी कधी पडते यावर डोळा ठेवून असतो. पुनर्मोहोर, म्हणजे दुसऱ्यांदा मोहोर, आला की आधी धरलेली कैरी गळते, हे त्याला कुणी सांगायला लागत नाही. या लोकांना ‘काही पडलेलं नाही’ म्हणणं मला तरी सहन होत नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे : ही काळजी आपल्याकडे मतपेटीपर्यंत पोचत नाही. कर्जमाफी, हमीभाव, पीक विमा यांवर मत मागितलं जातं, हवामानावर नाही. पण मुद्दा कुठल्या एका पक्षाचा न झाल्यामुळे इथली धोरणं सरकार बदललं तरी टिकली. हवामान बदलाचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा 2008 चा, मनमोहन सिंग यांच्या काळातला. त्यातल्या सौर मोहिमेचं 20 हजार मेगावॉटचं उद्दिष्ट मोदी सरकारने 2015 मध्ये 1 लाखावर नेलं. राज्यात पोकरा योजना, म्हणजे शेततळं, ठिबक, शेडनेट यांना पैसे देणारा कृषी संजीवनी प्रकल्प, फडणवीसांच्या पहिल्या कारकिर्दीत सुरू झाला आणि ठाकरे सरकारच्या काळातही चालू राहिला. यात डावं काय आहे?

श्रीमंत देशांनी आधी धूर ओकला आणि आता आपल्याला उपदेश करतात, हा राग मात्र रास्त आहे. आजवरच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव एकट्या अमेरिकेचा आहे. भारतीय माणसामागे वर्षाला साधारण 2 टन, तर अमेरिकी माणसामागे 14 टनांच्या आसपास उत्सर्जन होतं. पण हा हिशेब मागायचा तर तापमानवाढ खरी आहे असं आधी म्हणावं लागतं.

राहिला शेवटचा दावा, जनतेला हे नको आहे. 2024 मध्ये 125 देशांतल्या सुमारे 1 लाख 30 हजार लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हवामानासाठी दर महिन्याच्या उत्पन्नातला 1 टक्का द्यायला 69 टक्के लोक तयार होते, आणि कमी उत्पन्नाच्या, उष्ण देशांत ही तयारी जास्त होती. त्याच लोकांना विचारलं, तुमच्या देशातले इतर किती जण देतील? सरासरी अंदाज आला 43 टक्के. बाकीचे देणार नाहीत असं ज्यांना वाटत होतं, त्यांची स्वतःची तयारीही कमी होती. ‘लोकांना पडलेलं नाही’ हा मजकूर पुढे ढकलला की ही गैरसमजूत आणखी एका गटात पोचते.