'पोलीस ॲक्शन'ला लढाई का म्हटलं?

नमस्कार. माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणारी १९४८ ची पोलीस ॲक्शन पाच दिवसांत उरकली, तिला मी 'लढाई' म्हणून फुगवलं. आणि कारवाईच्या काळातल्या हत्यांची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा उल्लेख करून मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांचा अपमान केला.

'पोलीस कारवाई' हे नाव दिल्लीने विचार करून दिलेलं होतं. निजामाचं सरकार ऑगस्ट १९४८ मध्येच संयुक्त राष्ट्रांकडे गेलं होतं, त्यामुळे हा देशातला अंतर्गत प्रश्न आहे असं दाखवणं भाग होतं. पण १३ सप्टेंबरला मेजर जनरल चौधुरींचं सैन्य आपल्या सोलापुरातून निघालं, त्यात रणगाडे होते, वर विमानं होती. नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला म्हणून पुढची वाट मोकळी झाली. हे पोलिसांचं काम नव्हे. आणि ते पाच दिवस कुठून आले? भारत आणि निजाम यांच्यातल्या नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' करारानंतरही रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, धुमाकूळ थांबला नाही, सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमानं कराचीहून शस्त्रं आणत राहिली. मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, जीव मुठीत धरून आलेली माणसं सोलापूरने तेव्हा सांभाळली. तुमचे आजोबा सरहद्दीवरच्या कॅम्पात होते असं तुम्ही लिहिलंय. मग हा काळ पाच दिवसांचा नव्हता, हे तुमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

आता दुसरा आक्षेप. तो मला जास्त लागला.

सुंदरलाल समिती नेहरूंच्या सरकारनेच पाठवली होती. कारवाईदरम्यान आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असा तिचा अंदाज आहे, बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आहे, म्हणजे आपल्या वेशीबाहेरचाच मुलूख. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच्या टोळ्यांनी केलेल्या पापाची किंमत ज्यांनी चुकवली, त्यातल्या कितीतरी जणांनी कधी हातात काठीही घेतली नसेल. त्याच अहवालात हेही आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवलं, त्यात काहींचे प्राणही गेले. मागांच्या या गावात बसून ते वाक्य मी गाळायचं कसं?

मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या माणसांनी सामान्य रयतेसाठी तुरुंग भोगला. त्या रयतेत हे विणकरही होते, दोन्हीकडचे. लेखातला परिच्छेद मी काढणार नाही. आजोबांची कॅम्पातली हकीकत मात्र लिहून पाठवा, तुमच्या शब्दांत जशीच्या तशी छापतो.