ती सेव्ह फाइल माझ्या भाच्याची आहे

सकाळपासून डोकं फिरलंय. ऑफिसचं काम समोर पडलंय आणि मन लागत नाही, म्हणून आधी हे लिहून मोकळी होते.

भाचा सुट्टीला आमच्याकडे पुण्यात आलाय. वय वर्षं अकरा. गेले काही आठवडे आम्ही दोघं मिळून घरी एक क्लाउड गेमिंग सेवा (गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, आपण नेटवरून खेळतो) वापरून बघतोय. कंपनीचं नाव घेत नाही, भांडण एका कंपनीशी नाहीये. तिथल्या एका गेममध्ये त्याने शहर वसवलं होतं. नदीवर पूल, पुलापलीकडे बाजार, बाजाराच्या मागे एसटी स्टँड, आणि टेकडीवर एकच घर. ते आजीचं, कारण आजीला गर्दी आवडत नाही. रोज संध्याकाळी थोडं थोडं बांधायचा. आज सकाळी उघडून बघतो तर गेमच यादीत नाही. 'हा गेम आता उपलब्ध नाही', बस, एवढीच ओळ.

तो रडला वगैरे नाही. मला म्हणाला, "मावशी, गेम गेला ते कळलं. पण माझं शहर कुठे गेलं?"

मी चॅटवर विचारलं. उत्तर आलं की शहर सुरक्षित आहे, सर्व्हरवर आहे, गेम पुन्हा यादीत आला तर तिथूनच पुढे खेळता येईल. म्हटलं, शहर साठवलेली ती सेव्ह फाइल मला द्या, मी गेम रीतसर विकत घेते आणि दुसरीकडे खेळू देते त्याला. तर म्हणे तशी सोय नाही. का नाही? गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी तीनतीनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं, दिलगिरी तीच.

गेम त्यांचा, मान्य. करार संपला, काढून घेतला, तेही मान्य. पण पूल कोणी बांधला? आजीचं घर टेकडीवर कोणी नेलं?

माझ्या वयाच्या मंडळींना नेट कॅफे म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या मिरजेत स्टेशनकडे जाताना एका जिन्याखाली होता. तासाला वीस रुपये. सगळ्या पीसींवर डीप फ्रीझ टाकलेलं, म्हणजे रीस्टार्ट केलं की सी ड्राइव्ह पुन्हा होता तसा. व्हायरस साफ, पोरांनी भरलेला कचरा साफ, आणि त्याबरोबर माय डॉक्युमेंट्समधली आमची सेव्ह फाइलही साफ. पण कॅफेवाल्या दादाने डी ड्राइव्हवर प्रत्येक पोराच्या नावाचं फोल्डर केलं होतं. माझ्याही. मुलगी म्हणून वेगळी वागणूक नाही, उगाच चौकशी नाही. उठताना सांगायचं, "दादा, कॉपी करा," आणि तो माझी व्हाइस सिटी या गेमची फाइल उचलून डीमध्ये टाकायचा. जेमतेम दोनशे केबीची फाइल. फ्लॉपीतसुद्धा आरामात मावेल एवढी.

ते लोडशेडिंगचे दिवस. लाइट गेले की यूपीएस टूं टूं करायला लागायचा आणि दादा काउंटरवरून ओरडायचा, "सेव्ह करा रे, सेव्ह करा!" व्हाइस सिटीत वाटेल तिथे सेव्ह होत नाही. हॉटेल गाठायचं, आत जायचं आणि तिथे हवेत तरंगणाऱ्या गुलाबी कॅसेटवर जाऊन उभं राहायचं. मग सगळे गाड्या पळवत हॉटेलकडे. ज्याचं सेव्ह झालं त्याने हात वर करायचा, की दादा त्याच्या पीसीवर येऊन कॉपी मारणार. अंधारात, घामाने निथळत, एकेका पोराची फाइल डीमध्ये टाकत फिरायचा तो माणूस. वीस रुपये तासात हे धरलेलं नव्हतं.

आता, या सेवेचं जे चांगलं आहे ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला नवीन काही पचत नाही. पहिल्या दिवशी मी थक्क झाले होते. माझा लॅपटॉप ऑफिसच्या कामाचा, त्यात ग्राफिक्स कार्ड नाही. एरवी असे गेम डाउनलोड करायचे तर शंभर-शंभर जीबी जागा मोकळी करा, रात्रभर वाट बघा. इथे बटण दाबलं की गेम सुरू. गेम चालतो दूरच्या कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या यंत्रावर, आपल्याकडे येतो त्याचा व्हिडिओ, आणि आपण दाबलेली बटणं तिकडे जातात. लाखाच्या घरातला पीसी ज्यांना कधीच परवडणार नाही त्यांच्या पोरांनाही तेच चित्र दिसतं. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मला मनापासून आवडते.

खेळताना बटण दाबणं आणि पडद्यावर हलणं यातलं अंतर जाणवतं का, असं बरेच जण विचारतात. ते सर्व्हर किती लांब आहे त्यावर. प्रकाश फायबरमधून एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबईत सर्व्हर असेल तर पुण्याला काही फरक पडत नाही. पण सिंगापूरला असेल तर सरळ रेषेतच साधारण ३८०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३८ मिलिसेकंद फक्त वाटेत गेले. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे साडेसोळा मिलिसेकंदांची असते, तेव्हा तुमचा माणूस दोन-अडीच फ्रेम उशिराच उडी मारणार. शहर बांधायला चालतं, क्रिकेटला नाही चालत.

आणि घरातल्या वायफायचा भरवसा धरू नका. संध्याकाळी सासूबाईंची मालिका हॉलमध्ये, नवऱ्याचा व्हिडिओ कॉल, वर शेजारपाजारच्या सगळ्यांचे राउटर वायफायच्या त्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर. चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे. शेवटी राउटरपासून बेडरूमपर्यंत दाराखालून लॅन केबल ओढली, तेव्हा सगळं सुतासारखं सरळ झालं. सासूबाईंनी स्वतः ती केबल भिंतीच्या कडेने चिकटवून दिली, पोराच्या पायात येऊ नये म्हणून.

म्हणजे बघा, तंत्र जमलंय. म्हणूनच जास्त राग येतो. एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ ही अशीच क्लाउड गेमिंग सेवा १०८०पी चित्र आणि ६० फ्रेमसाठी २५ एमबीपीएसचा वेग मागते. तो पूर्ण वापरला तर तासाला ११ जीबीहून जास्त डेटा. तासाला ११ जीबी चित्र घरपोच करता येतं आणि पोराच्या शहराची फाइल देता येत नाही? दोनशे केबी काय, आजच्या गेमची फाइल काही एमबींची धरा. कॅफेतला दादा दहा मिनिटांच्या यूपीएसवर हे करत होता हो!

हे आज पहिल्यांदा घडतंय असंही नाही. गुगलने स्टेडिया, म्हणजे त्यांची क्लाउड गेमिंग सेवा, नोव्हेंबर २०१९ मध्ये काढली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद केली. भारतात ती आलीच नाही, पण परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी काहींनी घेतली असेल. गुगलने हार्डवेअरचे आणि गेमचे पैसे परत केले, हे कबूल करायला हवं, सगळे एवढंही करत नाहीत. गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने तर स्टेडियावर गेम घेतलेल्यांना पीसीवरची प्रत दिली. पण ज्या गेमवाल्यांनी खेळणाऱ्याची प्रगती दुसरीकडे न्यायची वाट ठेवली नव्हती, तिथे पैसे परत मिळाले आणि घातलेले तास गेले. जीफोर्स नाऊवर तर स्टीमसारख्या दुकानातून स्वतः विकत घेतलेले गेम खेळायचे असतात, तरी फेब्रुवारी २०२० मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या गेम कंपनीने आपले गेम तिथून काढले, पाठोपाठ बेथेस्डा कंपनीने आपले बहुतेक काढले. पण तिथे स्टीमवर सेव्ह होणाऱ्या गेमची फाइल तुमच्या स्टीम खात्यात राहते, उद्या चांगला पीसी आला की तिथून पुढे चालू. म्हणजे करता येतं. ज्यांना करायचंय त्यांना येतं.

दुपारी एका ग्रुपवर हे टाकलं तर एकाने लिहिलं, "अगं, गेमच तर आहे, त्याला पुस्तक दे हातात." त्याला उत्तर दिलं नाही, इथे देते. दिवाळीत आपली पोरं सोसायटीच्या आवारात किल्ला करतात. जागा सोसायटीची, माती कुणाच्या तरी बांधकामावरून आणलेली, मावळे बाजारातले. तरी किल्ला कोणाचा? सोसायटीच्या सेक्रेटरीने सकाळी उठून तो कुलूपबंद करून टाकला आणि म्हणाला, किल्ला सुरक्षित आहे, पण दाखवणार नाही, तर तुम्ही त्याला 'मातीच तर आहे' म्हणाल? तुम्ही भांडायला जाल. मी तुम्हाला ओळखते, तुम्ही सगळ्यांत पुढे असाल.

माझं मागणं एवढंच आहे. गेम भाड्याने द्या, महिन्याची वर्गणी घ्या, करार संपला की काढून टाका. पण काढायच्या आधी खेळणाऱ्याला त्याची फाइल उतरवून घेऊ द्या. एक बटण. घरची हार्ड डिस्कही उडते आणि तेव्हाही सगळं जातं, माहीत आहे मला. पण ते नशीब असतं, हा त्यांनी घेतलेला निर्णय आहे.

दादाने पुढे कॅफे बंद केला. घरोघरी नेट आलं, धंदा बसला, त्याने त्या जागी झेरॉक्सचं दुकान टाकलं. बंद करायच्या आधी त्याने सगळ्यांना निरोप धाडले, पेन ड्राइव्ह घेऊन या आणि आपापलं फोल्डर घेऊन जा. माझ्याकडे पेन ड्राइव्ह नव्हता. त्याने सीडीवर लिहून दिलं, वर मार्करने माझं नाव घालून. पैसे घेतले नाहीत. मी कॉलेजला होते तोवर, मला गेममध्ये रसही राहिला नव्हता. तरी त्याला वाटलं की ते माझं आहे आणि मला मिळालं पाहिजे. हे लिहिताना राग जरा उतरलाय खरा, पण म्हणणं मागे घेत नाही.

भाचा आत बसून वहीत शहराचा नकाशा काढतोय. आठवतंय तेवढं उतरवून ठेवतोय. एसटी स्टँड नदीच्या जास्त जवळ झालं होतं, या वेळी मागे घेणार म्हणतोय.

वर्गणी अजून बंद केलेली नाही, इतर गेम तो आवडीने खेळतोय. पण शहराचा गेम मी आता विकतच घेणार आहे, आणि तो आमच्या लॅपटॉपवर चालणार नाही. मिरजेच्या घरी बाबांचा डेस्कटॉप आहे, ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आहे त्यात, रॅम वाढवून घेतलीय. कोणाकडे वापरात नसलेलं, चालू स्थितीतलं ग्राफिक्स कार्ड असेल, चार जीबीचं असलं तरी चालेल, तर इनबॉक्स करा. वाजवी पैसे देईन. पुणे, सांगली, मिरज कुठूनही येऊन घेऊन जाईन. सुट्टी संपायच्या आत मिळालं तर फार बरं होईल.