अक्कलकोट रोडवरचं हजेरीचं अ‍ॅप

यंदा गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात होतो. घरात विषय एकच, मावशीच्या मोबाईलवर आलेली लग्नपत्रिका. नंबर ओळखीचा, फाईलच्या नावाशेवटी एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर थेट अ‍ॅप टाकणारी फाईल. मावशीनं उघडली. मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. दुपारपर्यंत खात्यातले ४२ हजार गेले. ओटीपी तिच्याच फोनवर येत होते, पण ते तिकडं भलताच कुणीतरी वाचत होता. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. मावशी मात्र चार दिवस धड जेवली नाही, तिला पैशापेक्षा "मीच हात लावला" हे जास्त लागलं.

मावसभाऊ म्हणाला, "गूगल आता प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायचं बंद करायलंय म्हणे. बरंच झालं की. तुमच्याकडं युरोपात मात्र उलटंच, अ‍ॅपची दुसरी दुकानं उघडू द्यायचा कायदा केलाय."

मी म्युनिकला राहतो, तो कायदा रोज वापरतो. मार्च २०२४ पासून युरोपीय संघात आयफोनवर अ‍ॅपलशिवाय दुसऱ्याचं अ‍ॅप स्टोअर टाकता येतं. आल्टस्टोअर आलं, एपिक या गेम कंपनीचं आलं. पण दार उघडलं तसा दारात अ‍ॅपलचा जकात नाकाही बसला: सुरुवातीला तिच्या नव्या अटी घेणाऱ्या डेव्हलपरला वर्षाला १० लाखांपुढच्या प्रत्येक पहिल्या इन्स्टॉलमागे अर्धा युरो द्यावा लागायचा. आणि युरोपीय संघाबाहेर ३० दिवसांहून जास्त राहिलं, तर त्या दुकानातल्या अ‍ॅपचे अपडेट थांबतात. म्हणजे फोन माझा, पैसे मी मोजलेले, पण मुक्काम सोलापुरात लांबला की माझा हक्क संपला. हे मला मनापासून खटकतं.

आपल्याकडं अँड्रॉइडवर ते दार पहिल्यापासून उघडं होतं. स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. बाहेरून अ‍ॅप टाकताना आडकाठी नको, प्ले स्टोअरमध्ये दुसरी स्टोअर्सही ठेवू द्या, असंही सांगितलं. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड टिकला, हे दोन्ही आदेश मात्र गेले. पुढं फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनपेनं इंडस अ‍ॅपस्टोअर आणलं, मराठी-तेलुगूसकट १२ भारतीय भाषांत. आता गूगलनं जाहीर केलंय की डेव्हलपरनं ओळख पटवून नोंदणी केली नसेल, तर त्याचं अ‍ॅप, मग ते कुठूनही घ्या, साध्या पद्धतीनं टाकता येणार नाही. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, बाकी जगात २०२७ पासून. जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असंही नंतर म्हटलंय.

मावसभावाचा राग मला समजतो. पण अक्कलकोट रोडवरच्या त्याच्या टॉवेलच्या कारखान्यात गेलो तेव्हा मुकादमाच्या हातात हजेरीचं एक अ‍ॅप दिसलं. लूम नंबर, पाळी, किती डझन निघाले, कुणाची उचल किती, सगळं तेलुगू आणि मराठीत. शहराच्या पूर्व भागातल्या एका पोरानं केलेलं. ते प्ले स्टोअरवर नाही. पोरगं फाईल पाठवतं, मुकादम टाकून घेतो. म्हणजे मावशीला लुटणारी फाईल आणि शनिवारचा पगार बिनभांडणाचा करणारी फाईल एकाच दारानं आली होती. मावसभावाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

त्या पोराला नाव-गाव सांगायला लावा, माझी हरकत नाही. दुकान काढणारा पाटी लावतोच. पण सगळ्या जगाच्या पाट्यांची वही एकाच कंपनीच्या कपाटात, आणि तीच कंपनी समोरचं सगळ्यात मोठं दुकान चालवणार, हे मला मान्य नाही. तिनं उद्या नाव खोडलं तर अक्कलकोट रोडवरच्या पोरानं कुणाकडं जायचं? युरोपात निदान तो कायदा आणि तो राबवणारा युरोपीय आयोग आहे. अ‍ॅपलनं डेव्हलपरांना बाहेरच्या स्वस्त ऑफरबद्दल ग्राहकांशी मोकळं बोलू दिलं नाही, म्हणून त्यानं एप्रिल २०२५ मध्ये ५० कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडं असा कायदा मसुद्यावर अडलाय. तो आधी व्हायला हवा.

आणि चोरी दारात होत नाही, परवानगीत होते. हजेरीच्या अ‍ॅपला मेसेज वाचायची गरजच नाही. बाहेरून आलेलं अ‍ॅप मेसेज किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटी (म्हणजे स्क्रीन वाचायची-चालवायची परवानगी) मागत असेल तर ते तिथंच अडवायचं, हा प्रयोग गूगलनं सिंगापुरात आणि भारतातही केलाय. तो आणखी नेटानं करा. मावशीचे पैसे तिथं वाचले असते.

निघायच्या आदल्या रात्री मावशीचा फोन घेऊन बसलो. अनोळखी अ‍ॅप टाकायची परवानगी अँड्रॉइडवर प्रत्येक अ‍ॅपला वेगवेगळी असते, ती मेसेजच्या अ‍ॅपची बंद केली. धोक्याची सूचना इंग्रजीत होती. फोनची भाषा मराठी केली आणि तीच सूचना पुन्हा उघडून दिली. मावशीनं चष्मा लावून ती मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचली.

"हे आधीच असं मराठीत का नव्हतं रे?" तिनं विचारलं.